जानूमावशीचा पाट

आज सकाळी शेडमध्ये एकही बाई आली नाही आणि मला वाटलं, झालं, सगळ्या मला सोडून गेल्या.

चिकूचे क्रेट भरून ठेवलेले. आकाराप्रमाणे फळं निवडणारं ग्रेडिंग मशीन पुसून तयार. आणि स्विचपाशी मी एकटी.

मशीन आल्यापासून ही भीती रोज माझ्यासोबत कामावर येते. म्हणून आधी तेच मनात आलं.

टेम्पोवाल्या दादाला फोन लावला. तो रोज तलासरीच्या पाड्यावरून आमच्या बायकांना आणतो.

"ताई, आज कोणी नाय येणार. जानूमावशी गेली ना पहाटे."

मी तशीच खाली बसले.

पाड्यात कोणी गेलं की त्या दिवशी पाड्यातलं कोणीच कामाला जात नाही. हे मला मावशीनेच सांगितलं होतं.

पण मला फोन कोणी केला नव्हता.

---

चिकू मला बाबांनी शिकवला, कोसबाडच्या आमच्या वाडीत. सालीवर नख ओढायचं, आत हिरवं दिसलं तर फळ अजून झाडावर हवं होतं. तेवढ्या शिकवणीवर शेडमध्ये लागले आणि पुढे मशीन शिकले म्हणून सुपरवायझर झाले.

आधी सगळ्या बायका ढिगाभोवती गोल करून पाटावर बसायच्या. हात चिकूवर, तोंड गप्पांत. मीही त्या गोलात होते.

मशीन आलं आणि गोल मोडला. तो मोडायला सांगणारी मीच.

पहिल्या दिवशी मशीन भिंतीला लावलेलं होतं. सगळ्यांनी एका बाजूला, भिंतीकडे बघत उभं राहायचं. दुपारपर्यंत कोणी बोललं नाही. दोघीतिघी तर सरळ म्हणाल्या, उद्यापासून नाय येत.

मावशी सगळ्यात मोठी. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली.

"काय गो बाय, आम्ही काय गुन्हा केलाय? शाळेत शिक्षा करतात तसं भिंतीकडं तोंड?"

"मावशी, मशीन असंच बसवतात."

"मशीनला तोंड नाय. आम्हाला हाय."

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला बोलावून मशीन शेडच्या मधोमध घेतलं. अर्ध्या बायका इकडे, अर्ध्या तिकडे, समोरासमोर. मशीनच्या आवाजावर ओरडून गप्पा सुरू झाल्या. कोणीच गेलं नाही.

टीम कशी सांभाळायची हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

फक्त मी स्विचपाशी, एका टोकाला राहिले. माझ्यासमोर कोणी नव्हतं. जेवतानाही मी आले की बोलणं थोडं हळू व्हायचं.

मावशीच तेवढी खिडकीजवळच्या तिच्या जागेवरून ओरडायची, "जेवलीस का गो, सुपरवायझर?"

रोज.

---

शेडच्या मालकांचा, आमच्या गुजराती शेठचा फोन आला. बातमी त्यांना कळली होती.

"बहु खराब थयुं, बेन. पण गाडी संध्याकाळी निघणार. माल नरम पडी जशे. दुसऱ्या गावातून बायका बोलाव ने."

मशीन माझ्यावर सोपवलेलं. नोकरी मला हवीच आहे. तरी बोलले.

"आज मशीन बंद राहील, शेठ."

त्यांनी फोन ठेवला. उद्या काय बोलतील, माहीत नाही.

मग पाड्यावर निघायचं ठरवलं आणि मनात आलं, रिकाम्या हाताने कसं जायचं?

एकदा डबा खाताना मावशी म्हणाली होती, "आमच्यात कोणी गेलं की चितेला घरटी एक लाकूड येतं गो. मंग दिसतं, कोण कोण आपलं होतं." आणि लगेच हसून, "माझ्या वेळी तू आलीस तर ओलं नको आणू. धूर होतो."

मी शेडभर लाकूड शोधलं. लाकडी खोकी कधीच गेली, आता सगळं प्लास्टिक.

कोपऱ्यात जुने पाट रचलेले होते. मावशीचा ओळखू आला. एका कडेला तिने कोयत्याने टवका काढून खूण केली होती, दुसरं कोणी बसू नये म्हणून.

तो स्कूटीवर पायाशी ठेवला आणि पाड्यावर गेले.

---

अंगणात मसणात न्यायची लाकडं रचत होते. बायका ओटीवर बसलेल्या. मी पाट छातीशी धरून कडेला उभी राहिले. आणलं हे बरोबर की चूक, तेही कळेना.

आमच्या शेडमधली लता उठून आली.

"करणार होतो गो फोन, ताई. पण वाटलं, तुला मशीन बंद करता येणार नाय. उगाच तुझी पंचाईत."

मी म्हटलं, "बंद केलं."

तिने पाट हातात घेतला. कडेच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि तो लाकडांपाशी नेला.

तिथे एक म्हातारे आजोबा होते, आलेलं लाकूड बघून लावणारे. त्यांनी पाट उलटा करून पाहिला.

"हा कोणाच्या घरचा?"

लताने माझ्याकडे पाहिलं.

"शेडच्या."

आजोबांनी मान डोलावली आणि पाट वर ठेवला.

---

आता परत शेडमध्ये आलेय. चिकूचा वास भरून राहिलाय. काही फळं नरम पडायला लागलीत.

उद्या येतो, असं लता म्हणाली. येतील त्या. मशीन सुरू होईल, ओरडून गप्पाही होतील.

खिडकीजवळची तुझी जागा मात्र रिकामी असेल, मावशी. तिथे कोणाला उभं करायचं हे मलाच सांगावं लागेल आणि मला ते येत नाही.

आज मी जेवले नाही. विचारलं नाही कोणी.

पाट सुका होता, मावशी. धूर झाला नसेल.

सुखाने जा.