भिंतीवरचा लाल नंबर

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव जंक्शनचं. एका अंगाला यार्ड, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मधल्या पट्टीत आमची पत्र्याच्या घरांची ओळ. आता तिथं फरशी हाय, बसायला बाकडी हायत. आणि माझी आई झरीला मामाच्या शेतातल्या आखाड्यावर, कडब्याच्या खोलीत राहायलीय. का, ते सांगायची मला लाज वाटते. तरी सांगतो.

बाप रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर आईनं चार शेळ्या आणि लोकांची सोयाबीन काढणी यांवर घर रेटलं. मग वरून ठरलं की स्टेशन मोठं करायचं आणि नदीकाठ सुशोभित करायचा. सुशोभित म्हणे! म्हणजे आमी इतकी वर्षं काय घाण करून राहत होतो का?

एक दिवस दोघं जण आले, प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर लाल रंगानं नंबर टाकला, हापशाजवळच्या खांबाला एक कागद चिकटवला आणि गेले. नवरात्र तोंडावर होतं. घट बसायच्या आधी आई सगळ्या घराला चुना द्यायची. बादली कालवता कालवता म्हणाली, "बाबा, तेवढा कागद वाचून ये की. ह्ये नंबर कशापायी टाकलेत?"

मी बी.ए. झालेला, झेरॉक्सच्या दुकानात बसणारा. अख्ख्या ओळीचे अर्ज मीच लिहून द्यायचो. हापशापर्यंत जायचा कंटाळा आणि वर तोरा. म्हणलं, "त्यात वाचायचं काय? जिंतूरचा रस्ता रुंद केला तवा बघितलं न्हाई का? लाल खूण असलेलं घर पाडलं. खूण न्हाई ते वाचलं."

"मंग पुसू का?"

"पुस की."

ती हसली. लय दिवसांनी हसली. चुन्याचे दोन हात दिले, तरी लाल दिसायलं म्हणून तिसरा दिला. शेजारची मावशी म्हणाली, "आगं, सरकारी हाय ते, असू दे." तिनं तर आपल्या नंबराला हळदी-कुंकू लावलं. आमी मायलेक तिला हसलो.

दिवाळीनंतर फोटो काढणारे आले. नंबर दिसंल असा घराचा फोटो, दारात घरातलं माणूस. ज्यांचा फोटो निघाला त्यांना ताडकळस रोडच्या नव्या इमारतीत खोली मिळणार होती. आमच्या पांढऱ्याफेक भिंतीसमोरून ते सरळ पुढं गेले. तवा कुठं मी हापशाकडं पळालो. कागद उन्हानं पिवळा पडलेला, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. नंबर पुसू नये, नंबर नसलेल्या घराला पर्यायी खोली मिळणार नाही. साधं सोपं मराठी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मग कचेरीच्या चकरा. शेवटी ज्यांच्यापुढं गेलो ते साहेब वाईट नव्हते. त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, रजिस्टर उघडून दाखवलं. आमच्या नंबरापुढं 'जागेवर आढळला नाही' असा शेरा. यादी वर गेलेली. हरकतीची मुदत संपलेली.

"बाई, नंबर पुसला कुणी?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. आईनं माझं मनगट दाबलं. "म्याच पुसला, साहेब. सणाचा चुना देताना."

"अहो, पण खांबाला एवढा कागद लावला होता! घरात वाचता येणारं कुणीच नव्हतं का?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

"न्हाई, साहेब," ती म्हणाली. "कुणीच न्हाई."

मी तिच्या खुर्चीला खेटून उभा होतो.