आत्या ऐकत असे

कुणी विनोद सांगायला लागलं की आत्या आधी खाली बसायची. "थांब, मले बसू दे, मंग सांग." हसू आलं की तिचे गुडघे सुटत, मान लुळी पडे, पापणीसुद्धा उचलता येत नसे. दोन-चार मिनिटांनी ती उठे. शुद्ध मात्र क्षणभरही जात नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी हा मेंदूचा आजार असल्याचं सांगितलं होतं. बालाघाटला ते पटलं नाही. मिरगी की अंगात येणारी देवी, एवढाच काय तो आमच्याकडे वाद होता.

आत्या शिकवायची त्या शाळेत एका साहेबांनी स्वतःच्या साधेपणावर तासभर भाषण केलं. आत्या खुर्चीतून घसरली. बायकांनी धावत येऊन हळदकुंकू लावलं. साहेबांनीही हात जोडले आणि हळूच बढतीचं विचारलं. उठल्यावर आत्या म्हणाली, "देवी नाही आली जी, हसू आलं."

"अंग पडते, कान थोडेच पडते," ती म्हणायची. हे कुणाच्या डोक्यात शिरत नसे. लग्नानंतर सासरी किरनापूरला ती अशीच पडली असताना सासू आणि दीर तिच्या उशाशी उभे राहून तिला कायमचं माहेरी धाडायचं ठरवत होते. नवरा शेजारीच होता. दुसऱ्या दिवशी कुणी काही बोलायच्या आत ती पेटी घेऊन बसने आमच्याकडे आली. नवऱ्याला तिने कधी शिव्या दिल्या नाहीत. "त्यानं नाही म्हटलं असतं तं मले ऐकू आलं असतं," एवढंच म्हणे.

पुढे आजोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मेंदूत रक्तस्राव झाला आणि ते निपचित पडले. यांना आता काही कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजोबांचे धाकटे भाऊ काकाजी यांनी खाटेपाशीच लाकडांचा आणि तेरवीच्या जेवणाचा विषय काढला.

"काकाजी, बाहेर जाऊन बोला. बाबा ऐकून राह्यले."

"अवं, डॉक्टर सांगून गेला ना!"

"डॉक्टर पडला होता का कधी?"

काकाजी बाहेर गेले. त्यानंतर आत्या आजोबांना रोज धानाचा भाव सांगे, कोण भेटून गेलं ते सांगे. आजोबांची पापणीही कधी हलली नाही.

ते गेले. त्यांना न्यायच्या वेळी ती त्यांच्या पायाशी कोसळली. दुःखानेही ती पडते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. तिरडी तयार होती. काकाजी म्हणाले, "उचला. तिले कुठं समजून राह्यलं आता."

माझ्या आईने काकाजींसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. ती आत्याच्या कानाशी वाकली. "ताई, बाबाले अजून उचललं नाही. तुम्ही उठल्याबिगर कोणी नेत नाही."

मग तिने तिरडी धरलेल्यांकडे पाहिलं. त्यांनी हात काढून घेतले, आणि भर उन्हात अख्खं अंगण आत्या उठायची वाट पाहत उभं राहिलं.