डावीकडून तिसरं बटण

विलीनीकरणाचं पत्रक मीच लिहिलं होतं. दर्पण कॉलनीतलं आमचं मराठी मंडळ आणि पाटणकर बाजारातलं जुनं मंडळ एक झालं, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ‘कुणा एकाची मक्तेदारी नको’ हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकात असायचं.

कार्यालयात संगणक पाटणकर बाजारातल्या मंडळाचा ठेवला. तो तिथले निवृत्त काका सांभाळत. जुन्या नाटकांचे फोटो लोकांकडून मागून आणायचे, स्कॅन करायचे आणि परत द्यायचे, हे त्यांचं काम. फाइली उघडायच्या प्रोग्रॅमच्या वरच्या पट्टीवर त्यांनी पाचच बटणं ठेवली होती, मोठी, खाली नावं असलेली. मला खटकलं. सगळ्यांच्या संगणकावर एकाची सोय कशाला? न विचारता मी बटणं बारीक केली, नावं काढली, क्रम बदलला. कायमचं पुसणारं बटणही घातलं आणि पुसण्याआधी येणारा प्रश्न बंद केला. वेळ जातो म्हणून.

दोन दिवसांनी काका फोटोंच्या नकला काढायला बसले आणि एका नाटकाचे सगळे फोटो गेले.

सभेत मीच उभी राहिले. “सार्वजनिक ठेवा निष्काळजी हातात देता येत नाही!”

“बेटा, मी तर रोजच्यासारखंच केलं,” काका म्हणाले. “डावीकडून तिसरं दाबलं. नकलेचं.”

“नजर चेक करवून घ्या, काका!” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

डावीकडून तिसरं. तिथे पुसायचं बटण मीच बसवलं होतं. मला त्याच क्षणी कळलं, आणि मी खाली बसले. काकांनी खिशातून कार्यालयाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

चार दिवसांनी मी हजीरा भागातल्या त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं.

“म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?” त्यांनी विचारलं. “मी तर घाबरून ऑपरेशनचं विचारून आलो.”

“पट्टी पहिल्यासारखी केली आहे, काका. तुम्ही परत या.”

“इथे सांगितलंस, छान. पण हसले ते तिथे होते.”

पुढच्या सभेत मी उभी राहिले. माझा आवाज एरवी रस्त्यापर्यंत जातो.

“जरा जोरात बोल ना,” मागून कुणीतरी म्हणालं, “काही ऐकू येत नाहीये.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.