एका रायफलीला पट्टा शोधताना

गेल्या रविवारी येरवड्यात आत्याच्या घरी नामकरण होतं, आणि मी कडक इस्त्रीच्या शर्टात पाळण्याखाली उताणा पडलो होतो... हातात मोबाईलचा टॉर्च. बायकोने एकदा बघितलं आणि आपली काही ओळखच नाही अशा थाटात स्वयंपाकघरात निघून गेली.

सांगतो. पोटापाण्यासाठी हिंजवडीत सॉफ्टवेअर, पण जीव अडकलाय जुन्या लष्करी बंदुकांच्या सामानात. बंदुका नव्हेत हं, फक्त सामान... खांद्याचे पट्टे, संगिनीची म्यानं, तेलाच्या कुप्या. अस्सल असेल तर शोधून देतो, नसेल तर हुबेहूब करून देतो, आणि कुठलं काय आहे ते स्पष्ट लिहून देतो. या बाबतीत पुण्यात मला कोणी फसवू शकत नाही. नम्रपणे वगैरे नाही, सरळच सांगतोय.

तर खडकीतल्या काही माजी सैनिकांनी त्यांच्या हॉलमध्ये एक जुनी रायफल काचेच्या पेटीत लावायचं ठरवलं. महायुद्धाच्या वेळची, नळी बुजवून कायद्याने निकामी केलेली. माझ्या आजोबांच्या पलटणीत याच जातीची रायफल असायची, म्हणून काम माझ्याकडे आलं. बाकी सगळं होतं, फक्त पट्टा नव्हता.

या सगळ्यामागे आमचे सुभेदार काका. भरती झाले तेव्हा आजोबांनीच त्यांना कवायत शिकवली होती. आता त्यांची नजर झपाट्याने चाललीय... डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. "दिसतंय तोवर ती रायफल पुरी बघायचीय," एवढंच त्यांचं मागणं. आणि पट्टा अस्सलच पाहिजे, हा हट्ट.

मी म्हटलं, त्यात काय... माझ्या डाव्या हातचा मळ. जुना बाजार पालथा घातला, खडकीतल्या सगळ्या ओळखीच्यांना विचारून झालं, परदेशातले ऑनलाइन लिलाव झाले. एक पट्टा आलासुद्धा कुरिअरने, पण त्याच्यावरचा खोटा छाप बघितला आणि त्याच पाकिटात घालून परत पाठवला. त्यापेक्षा बऱ्या नकला मी करतो.

शेवटी नक्कलच केली. मंडईच्या मागे जाड सुती नवार मिळाली, टोकांच्या पितळी पट्ट्या तांबट आळीत करून घेतल्या, आणि जुना रंग यावा म्हणून सगळं चहाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. झकास जमला होता. काकांनी तो नाकाशी नेला. "साखर घातली नाहीस ना? अरे, पट्ट्याला तेलाचा वास येतो." आणि बाजूला ठेवून दिला. मला फार लागलं ते.

अशा मूडमध्ये मी रविवारी नामकरणाला गेलो. आत्याला पणती झालीय. आमच्या सगळ्या नात्यात मिळून पाळणा एकच... ज्यांच्याकडे बाळ, त्यांच्याकडे तो जातो. मीही त्यातच वाढलो. त्रिशरण-पंचशील झालं, मैत्री असं नाव ठेवलं, आणि एकेकाने पाळण्याची दोरी ओढायची सुरुवात केली.

माझी पाळी आली. दोरीला दरवेळी नवी रिबन गुंडाळायची आमच्यात पद्धत आहे, जुनी कोणी काढत नाही. ती एका जागी सरकली होती. हाताला आतली वीण लागली आणि मी थांबलोच... ती वळलेली दोरी नव्हतीच, चपटी नवार होती. दुसरं टोक पाळण्याच्या खाली बांधलेलं, म्हणून मी तिथे लोळत होतो. रिबनीच्या थराखाली झिजून गुळगुळीत झालेलं पितळ, आणि त्याच्यावर त्या काळच्या लष्करी मालावर असायचा तो सरकारी बाणाचा छाप.

"आत्या, हे काय आहे?"

"दोरी. तुझ्या आजोबांची," आत्या म्हणाली. "रायफल जमा केली, पट्टा जमा करायचा विसरले म्हणे. विसरणारा माणूस होता का तो? माझ्यासाठी बांधला पहिल्यांदा."

ज्याच्यासाठी मी अर्धं जग धुंडाळलं, त्यानेच झोके देऊन मला झोपवलं होतं. हसावं की रडावं कळेना...

काकाही नामकरणाला आले होते, पुढच्याच खुर्चीवर बसले होते. मी त्यांना हात धरून पाळण्यापाशी आणलं आणि रिबन बाजूला सारून पट्ट्याचं मोकळं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने पितळ चाचपलं, मग पट्टा नाकाशी नेला.

"तेलाचाच वास आहे," ते म्हणाले. "पण खोबरेल."

आत्या म्हणाली, "घेऊन जा. हॉलमध्ये लाव, माझ्या बापाचं नाव राहील." म्हणताना तिचा हात मात्र पाळण्यावरून सुटत नव्हता. मी खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. जीव तुटत होता माझा. मी गाठ सोडायलाही वाकलो.

"राहू दे," काका म्हणाले. "तो ड्यूटीवर आहे. ड्यूटीवरच्याला असं उठवून नेत नाहीत. तुझा तो चहात बुडवलेला लाव."

मी गाठ परत घट्ट आवळली. मैत्री तेवढ्यात कुरकुरली, आणि आत्याने काकांच्या हातातून पट्टा घेऊन झोका दिला.

काल हॉलमध्ये पेटीत रायफल लागली. काका काचेला नाक टेकवून उभे होते, नळीपासून दस्त्यापर्यंत सावकाश बघत. सगळं बघून झाल्यावर त्यांनी मला खालची पाटी वाचायला सांगितली. मीच केली होती, नेहमीच्या नियमाप्रमाणे, कुठलं काय ते स्पष्ट... 'पट्टा : प्रतिकृती. मूळ पट्टा सेवेत आहे.'

काकांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली आणि मान हलवली.

अस्सल माल हातात येऊन मी पहिल्यांदाच रिकाम्या हाताने परत आलो, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये. आजोबा, तो जमा करायचा तुम्ही विसरलात... फार उपकार झाले.