पितळी पेल्यावरचं लामेद

भंडाऱ्यात भांड्यांवर नावं टाकण्यात माझी उभी हयात गेली. आता मशीन आली, पण मी छिन्नी-हातोडी काही सोडली नाही. आमची पद्धत साधी. आधी वरची आडवी रेघ ठोकायची, मग एकेक अक्षर तिच्याखाली लटकवत जायचं. हात असा बसलाय की डोकं लागतच नाही, ही फुशारकी मी दुकानात येईल त्याच्यापुढे मारतो.

गेल्या वर्षी दिघोरीकडची एक बाई आईच्या लग्नातला पितळी पेला घेऊन आली. ती इस्रायलमध्ये एका म्हातारीची देखभाल करते. सुट्टी संपली होती, दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. कागदावर तिनं तिकडच्या हिब्रू लिपीतलं एकच अक्षर काढून आणलं होतं.

"याले लामेद म्हणतेत, काका. उच्चार आपल्या 'ल'सारखाच. अन् अर्थ इचाराल तं तुतारी."

आमच्याकडे तुतारी म्हणजे फुंकायची नव्हे, बैलाला टोचायची काठी. अक्षर होतंही तसंच, वर उंच दांडा आणि खाली वाकडं. मी म्हटलं, "म्हणजे तिकडचे लोक अक्षरातही बैलच हाकून राहिले." ती हसली, पण हसू टिकलं नाही.

म्हातारी सगळं विसरली होती. स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं ओळखायची, ते हेच. कुठलाही पेला दिला की दुसऱ्याचा समजून ओठ घट्ट मिटून घ्यायची. "तिचं अक्षर दिसलं तं ती पिईन, असं वाटते मले," बाई म्हणाली. "पाण्यावाचून सुकून राहिली जी."

मी पेला घेतला आणि ऐकता ऐकता ठोकायला लागलो. हातानं आधी काय करावं? रेघ ओढली. मग अक्षर काढलं, तर त्याचा दांडा रेघेच्या वर निघाला आणि रेघ गेली बरोबर त्याच्या गळ्यावरून.

बाईचा चेहरा उतरला. "काका, त्यायच्यात वरची रेघ नसते. अन् हे एकलंच अक्षर बाकीच्यायच्या वर मान काढते. आता ती ओळखन का?"

मला तिच्याकडे बघवेना. राग माझाच मला आला होता, पण निघाला शेजारच्या चहावाल्यावर. उगाच त्याला रेडिओ बंद कर म्हणून ओरडलो. मग पेल्याला आतून लोखंडी दांड्याचा आधार देऊन ती रेघ ठोकून ठोकून बसवली, घासली, परत घासली. दुपार गेली त्यात. तरी नीट पाहिलं की वळ दिसायचाच. मी माफी मागितली. "होते जी," म्हणाली आणि एसटी पकडायला गेली. पुढे कितीतरी दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

मग तिचा व्हिडिओ कॉल आला. म्हातारी उशीला टेकून बसली होती, हातात पेला. तिचं बोट अक्षरावरून खालून वर गेलं आणि वळावर थांबलं. माझा जीव तिथंच अडकला. बोट पुढे सरकलं. "लामेद," ती म्हणाली, आणि घटाघटा प्यायली.

अर्धा पेला उरला तेव्हा तिनं तो बाईच्या ओठांना लावला आणि ती पिईपर्यंत हटवला नाही. बाईला ठसका लागला, मग ती रडायलाच लागली.

"सगळ्यायले मीच पाजत आली, काका," ती म्हणाली. "मले आज पयल्यांदा कोणीतरी पाजलं."