विरारचा होकार येईपर्यंत

नाचणे गावाच्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात चार मोठे स्पीकर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले होते आणि मनस्वी गोताड दिवसभर त्यांच्याभोवती फेऱ्या मारत असे. दोन हजार वीसचा मे महिना होता. एरवी या दिवसांत हळदी आणि लग्नांत गाणी वाजवण्यातून तिला धड जेवायला सवड मिळत नसे. यंदाचा हंगाम टाळेबंदीने गिळला होता. राजापूरच्या एका मंडपवाल्याने स्पीकर विकत मागितले होते.

"सोमवारी त्याचा फोन येणार," आई, विमला, शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "काय सांगू?"

"रविवारची हळद होऊ दे."

"मोबाइलवरची हळद! तिला काय रंग लागणार आहे?"

मनस्वीलाही नेमकी तीच धास्ती होती. रविवारची हळद जमली तर धंदा चालू राहील, नाहीतर स्पीकर राजापूरला जातील, हे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

तिच्या कामाची एक रीत होती. मंचावर उभी राहून ती पाहुण्यांच्या पायांकडे पाही. खुर्चीत बसलेल्या एखाद्या मावशीची टाच हलू लागली की पुढचे गाणे ठरे. व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर मात्र पाय नव्हते. तिथे कपाळे होती, छताचे पंखे होते, कोणाचा तरी अर्धा कान होता.

शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला तिने एकदा हा प्रयोग करून पाहिला होता. सगळ्यांचे माइक चालू राहिले आणि तिने लावलेले गाणे मुंबईतल्या नातेवाइकांच्या घरांत वाजून, तिथल्या मोबाइलमधून उलट तिच्याकडेच येऊ लागले. एका गाण्याची चार गाणी झाली आणि ती एकमेकांशी भांडत राहिली. त्या दिवसापासून तिने नियम केला: सगळ्यांचे माइक बंद आणि ते उघडण्याची कळ फक्त आपल्या हातात.

रविवारची हळद पालीजवळच्या एका वाडीतल्या हेमाची होती. घरात मोजकी माणसे आणि बाकीचे सगळे, कोणी गुहागरला तर कोणी मुंबईकडे, आपापल्या जागी अडकलेले. हेमाचा भाऊ ऋत्विक विरारला होता. मनस्वीचा तो कॉलेजातला मित्र; त्यानेच हट्टाने हे काम तिला दिले होते.

"मने, बहिणीची हळद आहे आणि मी इथे चाळीत," तो फोनवर म्हणाला होता. "निदान नाचलो असं तरी वाटू दे."

दुपार कलल्यावर सगळे जमले. पडदा लहान लहान चौकटींनी भरला. मनस्वीने खुर्ची मागे ढकलली. बसून तिला काम करता येत नसे. पहिल्या गाण्यावर बोट ठेवून ती उभी राहिली.

पण गाण्याआधी गाऱ्हाणे व्हायचे होते. वाडीत कोणतेही कार्य देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू होत नाही. घरातला वडीलधारा एकेक मागणे मागतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला मोठ्याने होकार द्यायचा असतो. हेमाचे चुलते आप्पा हात जोडून उभे राहिले. त्यांचा माइक मनस्वीने उघडला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकीच्या अंगाला हळद लागत्येय. मुंबयला अडकलीत ती पोरा सुखरूप ऱ्हाऊ देत रे म्हाराजा!"

वाडीतल्या मोजक्या माणसांनी होकार दिला. आप्पा थांबले. पडद्यावरच्या चौकटींत तोंडे हलत होती. आवाज एकीतूनही येत नव्हता.

"अगो, पलीकडं कोन हाय का नाय?" आप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "का मी भिंतीला गाऱ्हाणा घालतोय?"

"सगळे आहेत, आप्पा. तुम्ही पुढे म्हणा," मनस्वी म्हणाली.

"पुढं कसा म्हनू? देवाला कळाय नको, विरारवाला व्हय म्हनला का नाय ता?"

हळदीची वाटी हातात घेतलेल्या बायका अडून राहिल्या. हेमाने पाटावरूनच मोबाइलकडे पाहिले. माइक उघडले तर वाढदिवसासारखा गोंधळ. न उघडावेत तर हळद सुरूच होणार नाही. मग मनस्वीच्या लक्षात आले, गाणे अजून लागलेले नव्हते. परत यायला गाणेच नव्हते.

तिने सगळे माइक उघडले.

कुकरची शिट्टी, कोणाचे तरी रडणारे मूल, गुहागरच्या घरामागचे कावळे, सगळे एकदम आत आले. आप्पांनी मागणे पुन्हा म्हटले. "व्हय म्हाराजा!" आधी वाडीतून, मग गुहागरहून, मग बऱ्याच वेळाने विरारहून.

"मुंबयवाल्याची गाडी कायम उशिरा," आप्पा म्हणाले आणि सगळीकडून, पुढेमागे, हसण्याचा आवाज आला.

दुसऱ्या मागण्यालाही ते विरारचा होकार पोहोचेपर्यंत थांबले. तिसऱ्यालाही. मनस्वी ऐकत राहिली. पायांवरून जे तिला कळे, ते या पुढेमागे येणाऱ्या आवाजांतून कळू लागले होते: गुहागरकर अजून लाजत होते, विरारचा घसा मोकळा झाला होता.

मग गाण्यांतही तिने आपला नियम मोडला. माइक बंद करून एक गाणे लावी, ते मध्येच तोडी, सगळ्यांचे माइक उघडी आणि विचारी, "हळद लागली काय?" होकार येत. विरारचा येईपर्यंत ती थांबे, मग पुढचे गाणे लावी. एका खेपेला ऋत्विकने मोबाइल जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवला. पडद्यावर फरशी आणि तिच्यावर थयथयणारे त्याचे अनवाणी पाय दिसले.

"हेका काय झाला? तोंड कुठंय ह्याचा?" आप्पा ओरडले.

"राहू द्या, आप्पा," मनस्वी म्हणाली.

हळद संपली तेव्हा चौकटी एकापाठोपाठ विझल्या. एरवी खुर्च्या उचलल्या जात, वायरी गुंडाळल्या जात, कोणीतरी जेवून जायचा आग्रह करी. इथे काळा पडदा उरला. मनस्वी खोलीत फेऱ्या मारू लागली. गाणी जरा लांबली, गुहागरवाले मध्येच कंटाळले, पुढच्या वेळी त्यांना आधी बोलते करायला हवे.

तिने स्पीकरांवरची ताडपत्री ओढून काढली. दमट हवेत न वाजता पडून राहिले तर ते खराब होतात.

"काय गो करत्येस?" विमलाने मशीन थांबवले. "उद्या राजापूरवाल्याला काय सांगायचं?"

"दुसरे बघा म्हणावं."

"तो पुन्हा विचारणार नाही हां."

"नाही विचारलं तरी चालेल," मनस्वी म्हणाली आणि पहिली वायर जोडायला खाली वाकली.