रंगवून काढायची की काढून रंगवायची?

किस्से मुद्दाम कोण जमवतं हो? रंगाच्या डब्याच्या तळाशी गाळ साचतो तसे ते साचत जातात, आणि एखाद्या दिवशी डबा ढवळला की सगळे वर येतात. आमच्याकडे तर साचणारच! मी रंगारी. माझा मेहुणा वामन, म्हणजे माझ्या बायकोचा, कमलचा, धाकटा भाऊ, तो सुतारकाम करणारा. दोघांचं मिळून भद्रकालीत एक चिंचोळं दुकान.

तो काळ उभ्या ओट्यांचा. सत्तर सालानंतर नाशकात घरोघरी गॅस यायला लागला आणि बायका स्टोव्हपुढून उठून ओट्यापुढे उभ्या राहिल्या. ओट्याखाली कपाट आलं, वर भिंतीत फडताळ आलं. आणि पाच-सात वर्षांनी प्रश्न आला, जुनं रंगवायचं की काढून नवं करायचं? हा प्रश्न घेऊन माणसं आमच्याकडे यायची. तिथेच चुकायची!

कमलचा प्रश्नही तोच होता, फक्त तिला आमच्या दुकानात कुणी विचारत नव्हतं. आमच्या घरचं फडताळ वामनने नवशिका असताना पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या जोडून केलेलं, आणि रंगवलेलं मी. गल्लीतल्या महिला मंडळाची बैठक पाळीपाळीने एकेकीच्या घरी व्हायची. आपली पाळी आली की कमल काहीतरी निमित्त काढून ती शेजारणीवर ढकलायची. "रंगाऱ्याची बायको, सुताराची बहीण, आणि स्वयंपाकघर बघा! बायका तोंडाला पदर लावून हसतील." मी म्हणायचो, रंगवू. वामन म्हणायचा, नवं करू. कधी, यावर मात्र आमचं एकमत होतं. "उद्या!"

*

गंगापूर रोडच्या एक हेडमास्तरीणबाई होत्या. आम्ही दोघं त्यांचं फडताळ बघायला गेलो. वामनने बोटाच्या पेराने फळी ठोकली. "गेलं! आतून सगळं पोकळ." मी म्हटलं, "पोकळ काय? ठणठणीत लाकूड आहे बाई. भेगा बुजवू, दोन हात मारू, झालं." तो म्हणाला गेलं, मी म्हणालो आहे. पाव तास हेच!

शेवटी बाईंनी हात जोडले. "तुमचं आधी ठरू द्या, लाकूड मेलंय की जिवंत आहे. मग रंगाचं सामान आणायचं की मयताचं, ते मी बघते."

तरी एवढ्यावर निघालो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या दारावर नख ओढायचं, तोंड वाकडं करायचं आणि विचारायचं, "हे आधीचं काम कुणी केलं हो?" आधीच्याला नावं ठेवल्याशिवाय रंगाऱ्याचा ब्रश भिजत नाही. मीही विचारलं. आतल्या खोलीतून बाईंचे यजमान बाहेर आले. "मी केलं. रिटायर झाल्यावर. काही म्हणणं आहे?"

जिना उतरताना वामन म्हणाला, "दाजी, तोंडाला झाकण बसवू का? मापाचं करून देतो!"

*

म्हणे झाकण! याच्या डोक्यात काय भरलंय ते नाशिकरोडला कळलं. तिथे एका क्लार्कच्या घरची फडताळं रंगवायची होती. मला दोन दिवस कळवणला जायचं होतं, म्हणून काम वामनवर सोपवून मी शेड कार्डाच्या मागे चिठ्ठी लिहून ठेवली, 'नाशिकरोडची फडताळं रंगवून काढायची.' आता मला सांगा, 'घर रंगवून काढलं' असं आपण बोलतो की नाही? यात न कळण्यासारखं काय आहे?

परत येतो तर नाशिकरोडचा संसार जमिनीवर! डाळी, पिठं, लोणच्याच्या बरण्या, सगळं चटईवर मांडलेलं. भिंतीत नुसती भोकं. वामन कटावणी घेऊन शेवटची चौकट उचकटत होता.

"अरे, काय केलंस हे!"

"तुम्हीच लिहिलंय ना, काढायची!"

"रंगवून काढायची लिहिलंय!"

"मग?" तो शांतपणे म्हणाला. "रंगवलेली तर होतीच. राहिलं होतं ते काढायचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. क्लार्कच्या बायकोने मात्र चटईवर बसून महिनाभर स्वयंपाक केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या दुकानाचा पत्ता दिला. आमच्याकडे येऊ नये म्हणून!

*

सटाण्याच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याने वामनला सगळं स्वयंपाकघर नवं करायला सांगितलं. सनमायका लावून, चकचकीत. वामनचे पाय जमिनीला लागेनात. महिनाभर राबला. जुनं कपाट उचलून परसात ठेवलं.

व्यापाऱ्याची म्हातारी आई आली. नव्या दारावरून हात फिरवला. "गुळगुळीत शे. हात घसरस." मग परसात गेली, जुन्या कपाटाला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "हाई चांगलं शे!" झालं! ते आत येईपर्यंत म्हातारी जेवली नाही. नवं कपाट गेलं दिवाणखान्यात, काचेच्या कपबश्या मांडायला. जुन्याला रंग द्यायला मला बोलावणं आलं.

परतताना वामन एसटीत खिडकीबाहेर तोंड करून बसला. चांदवडला मी भजी घेतली, ती मात्र खाल्ली. तीही माझ्या पुडीतली!

*

नुसता वामनच गाढव असं मी म्हणत नाही. भर आषाढात इगतपुरीला ऑइल पेंटचं काम घेऊ नये, हे शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही. रेल्वेतल्या एका गार्डचं क्वार्टर. दारं रंगवली, उघडी ठेवली आणि सगळ्यांना बजावलं, वाळेपर्यंत हात लावू नका. चार दिवस झाले, आठ झाले. त्या पावसात अंगावरचा सदरा वाळेना, तिथे रंग काय वाळणार? नवव्या दिवशी गार्डच्या बहिणीने, उघडं बरं दिसत नाही म्हणून, दारं दाबून लावली. ती चिकटली ती चिकटलीच! आत चहा, साखर, गूळ. ओढायला गेलो तर मूठ माझ्या हातात आली.

वामनला तर तेच हवं होतं. कटावणी घेऊन दुपारच्या गाडीने हजर! "फोडतो, नवं करतो." तेवढ्यात गार्डचे वडील काठी टेकत आडवे आले.

"खबरदार! साखर आत अडकल्यापासून माझा डॉक्टर खूश आहे. दिवाळीपर्यंत राहू दे."

*

या सगळ्यात कमलचं फडताळ होतं तिथेच. मी अगदीच काही केलं नाही असं नाही हं! उरलेला रंग मी घरी आणायचो. एक दार नाशिकरोडच्या क्लार्कचं पिस्ता, एक गार्डचं करडं, एक सटाण्याचं गुलाबी. चौथं दार बिजागरीतून निखळून एका बाजूला लोंबत होतं, ते वामनच्या खात्यातलं. पाहुणे आले की कमल त्यावर जुनं पातळ टाकायची. म्हणायची, "माझ्या फडताळाकडे बघून तुमची सगळी गिऱ्हाइकं ओळखता येतात." मी हसायचो. ती हसत नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मग एका सोमवारी आम्ही जेवायला बसलो असताना तिने वाढता वाढता सांगितलं, "पुढच्या मंगळवारी मंडळाची बैठक आपल्याकडे. मी हो म्हणून आलेय. रंगवा नाहीतर बदला, पण त्याआधी."

"रंगवू," मी म्हणालो.

"ताई, नवंच करू," वामन म्हणाला.

"कधी?"

"उद्या!" आमच्या तोंडून एकदमच निघालं. तिने हातातली पळी आमटीत ठेवली आणि आत गेली.

शनिवारी सातपूरचं एक काम बघून आम्ही दोघं जेवायला घरी आलो. रंगवायचं की बदलायचं, यावर वाटभर वाद चालूच होता. ओट्यावरची भांडी सगळी बाहेरच्या खोलीत काढलेली. स्वयंपाकघराच्या दारात आलो तर आत स्टुलावर एक अनोळखी माणूस! पंचवटीकडचा कुणी रंगारी असावा. खाली डबा, ब्रश, हत्यारांची पिशवी. कमल त्याला चहा देत होती.

त्याने पिस्ता दारावर नख ओढलं. लोंबतं दार हलवून बघितलं. तोंड वाकडं केलं.

"ताई, हे आधीचं काम कुणी केलं हो?"

वामनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. कमलने दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघांकडे सावकाश बघून घेतलं आणि पदर सारखा केला.

"होते दोघं. 'उद्या येतो' म्हणून गेलेत. तेरा वर्षं झाली!"